कपाळाला लावलेलं फडकं

टायरच्या दुकानावरचा तो हॉल एरवी कपड्यांच्या सेलला भाड्यानं जायचा. त्या दिवसांत मात्र जिना माणसांनी असा भरलेला असायचा की खालच्या टायरवाल्याला स्वतःच्या दुकानात शिरायला तिरकं व्हावं लागायचं. पायऱ्यांवर चपलांचा ढीग. प्रत्येकाच्या काखेत एक्स-रेचा मोठा लिफाफा. कुणाच्या गळ्याला पट्टी, कुणाच्या पोटाला. आणि वरून, माईकमधून, तो आवाज.

"इंजेक्शन कुठं देतात?"

"दंडात!" सगळा हॉल ओरडायचा.

"आणि आजार कुठं आहे?"

"पोटात!"

"मग औषधानं जायचं कसं? बिचारं दंडातून निघतं, खांद्याशी चुकतं, गुडघ्यात जाऊन बसतं! केस गळतात ते कशानं? औषध पत्ता विचारत डोक्यात शिरतं म्हणून! आपलं औषध पत्ता विचारत नाही. आपलं औषध कसं?"

"थेट!"

म्हणून त्याचं नाव पडलं थेटबाबा. पांढरा झब्बा, पांढरी दाढी, दात मात्र नवे कोरे. हातात एक बाटली, आपण कुंडीतल्या झाडांना पाणी मारतो ना, तसली फवाऱ्याची. तिच्या गळ्याला सोनेरी पट्टी बांधलेली, एवढाच काय तो अध्यात्माचा भाग.

चमत्कार असा. आजारी माणूस पुढं यायचा. बाबाची एक सेविका होती, तिला सगळे ताई म्हणायचे. बोलायला साखर. ती त्या माणसाच्या अंगावर पांढरंशुभ्र सुती फडकं गुंडाळायची, मायेनं हात फिरवायची, बाजूला व्हायची. बाबा डोळे मिटून बाटली दाबायचा. फुस्स. फुस्स. फडकं ओलं व्हायचं. आणि मग, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, जिथं गाठ असेल नेमकं तिथं, आधी राखाडी सावली यायची. ती गडद व्हायची. बघता बघता काळा डाग! बाकीचं फडकं पांढरं.

"औषधानं रोग शोधला! रोग वर ओढला!" बाबा गरजायचा. बायका डोळे पुसायच्या.

पहिल्या आठवड्यातच बाबानं माईकवर विचारलं, "तुमच्या गावात कापडातलं कुणाला कळतं?"

हॉलमधून एकच आरोळी आली. "मिस्त्रीला!"

आता हा मिस्त्री म्हणजे कोण, ते सांगायला हवं. मागच्या गल्लीत त्याचा रंगकारखाना. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, तीन-चार मोठ्या कढया, दोऱ्यांवर लोंबणारं कापड आणि गटारातून वाहणारं रंगीत पाणी. बाजारात पुड्यांतले रंग आले, मशिनी आल्या, पण मिस्त्रीच्या काळ्या रंगाला तोड नव्हती. छत्रीवाले, पिशवीवाले, गादीवाले, पक्का काळा हवा असला की त्याच्याकडंच यायचे. उन्हात विटणार नाही, साबणाला जाणार नाही. कापड हातात घेतलं की डोळे मिटूनसुद्धा सांगायचा, कुठल्या सुताचं आहे, खळ किती आहे, आधी धुतलंय की नाही. शाळा अर्धवट सोडलेली, पण कापडाच्या बाबतीत त्याचा शब्द म्हणजे शिक्का.

तर असा मिस्त्री माईकजवळ गेला. गठ्ठ्यातलं एक फडकं उचललं. दिव्यासमोर धरलं. बोटांत चुरगळलं. कोपऱ्याला थुंकी लावून चोळली. वास घेतला. 

"कोरं आहे," मिस्त्री माईकमध्ये म्हणाला. "यात काही नाही. मी सांगतो."

टाळ्यांनी पत्रे हादरले. आणि मिस्त्रीची छाती, खोटं कशाला बोला, चांगली वीतभर पुढं आली.

त्या गर्दीत, तिसऱ्या रांगेत, मिस्त्रीची बायको बसली होती. पोटावर हात ठेवून.

कारण मिस्त्री तिथं काही कापड तपासायला गेला नव्हता. मिस्त्रिणीच्या यकृतात गाठ निघाली होती. कॅन्सरची. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरबाईंनी दोघांना समोर बसवून, कागदावर चित्र काढून सगळं सांगितलं होतं.

"काका, गाठ अजून एकाच जागी आहे, हे आपलं नशीब. सलाईनमधून औषध दिलं तर ते सगळ्या अंगभर फिरतं. गाठीपर्यंत थोडंच पोचतं आणि बाकीच्या शरीराला त्रास. म्हणून आपण दुसरं करू. मांडीच्या वरच्या भागात रक्तवाहिनीत एक बारीक छिद्र. त्यातून सुतासारखी नळी वर सरकवत न्यायची, यकृतात, गाठीला रक्त देणाऱ्या फांदीपर्यंत. तिथंच औषध सोडायचं. औषध बारीक बारीक मण्यांत भरलेलं असतं. मणी तिथं अडकतात, गाठीचं रक्त अडवतात आणि औषध हळूहळू सोडत राहतात. थेट गाठीच्या दारात."

मिस्त्रीनं चित्राकडं बघितलं. मग बाईंकडं. "मांडीला भोक पाडायचं, आणि औषध पोटात?"

"हो."

"बाई, मी शिकलेलो नाही, पण खुळा पण नाही."

मिस्त्रिणीनं त्याची बाही धरून ओढली. "अहो, ऐकून तर घ्या."

"बरं, गाठ जाईल का? लिहून द्या."

"लिहून कसं देऊ, काका? लहान होईल अशी आशा आहे. कदाचित परत एकदा करावं लागेल. ताप येईल, दुखेल. जसजसं दिसेल तसं ठरवू."

ही झाली डॉक्टरबाईंची बोली. आशा आहे, कदाचित, दिसेल तसं. आणि हॉलमधल्या बाबाची बोली एकाच शब्दाची. 'थेट' हा शब्द दोघांनी वापरला, बरं का. पण बाईंच्या थेटच्या मागं नळी होती, मणी होते, ताप होता. बाबाच्या थेटच्या मागं काहीच नव्हतं, म्हणून ते गिळायला सोपं गेलं. घाबरलेल्या माणसाला अवघड खरं नको असतं. मिस्त्री तर आतून पार विरघळला होता. लग्न झाल्यापासून ती बाई त्याच्या कढईशेजारी उभी राहून कापड खळबळत आली होती. तिची नखं त्याच्या काळ्या रंगानं कायमची काळी झालेली. ती नसेल तर कढई कुणासाठी पेटवायची, हे त्याला समजत नव्हतं, आणि हे बोलायला त्याच्याकडं शब्द नव्हते.

तर त्या दिवशी माईकवर शिक्का मारून झाल्यावर त्यानं बायकोला पुढं बोलावलं. ताईनं फडकं गुंडाळलं. "आई, इथं ना?" म्हणत उजव्या बरगडीखाली हात फिरवला. फुस्स. फुस्स. आणि बरोब्बर तिथंच काळा डाग उठला, पुरीएवढा.

मिस्त्री लहान मुलासारखा रडला. बाबानं ते फडकं सोडून त्याच्या हातात दिलं. मिस्त्रीनं ते दोन्ही हातांनी घेतलं आणि कपाळाला लावलं. घरी नेऊन कपाटात ठेवलं, तिच्या ठेवणीतल्या साडीवर.

दुसऱ्या दिवशी इस्पितळात फोन करून सांगून टाकलं, "आम्हाला तुमची नळी नको."

पुढच्या आठवड्यात डाग लिंबाएवढा. त्याच्या पुढच्या आठवड्यात बोराएवढा. दर वेळी बाबाचा काढा प्यायचा, दर वेळी फडकं कपाळाला लावायचं, दर वेळी कपाटात. मिस्त्री गल्लीत सांगत सुटला. खालच्या टायरवाल्याच्या मानेत कॅन्सरची गाठ होती, त्याला इस्पितळात किरणांचे उपचार चालू होते. गल्लीत त्यालाच वीज म्हणायचे. मिस्त्री त्याच्या दुकानात टायरवर बसून म्हणाला, "अरे, कशाला ती वीज घेतोस मानेवर? जीभ जळते, जेवण जात नाही. वर ये. मी स्वतः बघितलंय. कापड मला फसवेल का?"

टायरवाला म्हणाला, "मिस्त्री, तुम्ही सांगताय म्हणून येतो. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर हाकलला असता."

आणि तो गेला. आपली इस्पितळाची फेरी सोडून गेला.

घरात मात्र वेगळंच चाललं होतं. डाग लहान होत होता आणि मिस्त्रीणसुद्धा. ब्लाउज खांद्यावरून ओघळायला लागलं. उजव्या कुशीवर झोपता येईना. भाकरीचा चतकोर ताटात तसाच राहायचा.

"काढा अंगी लागतोय," मिस्त्री म्हणायचा. "आतली घाण निघतेय. डाग किती लहान झाला बघितलास ना?"

"डाग झाला हो लहान," ती म्हणायची. एवढंच. आणि आपल्या नखांकडं बघत बसायची.

शेवटी एकदा डाग नुसता मसुरीएवढा उठला. मिस्त्रीला राहवेना. त्यानं सगळी फडकी पिशवीत भरली, बायकोला रिक्षात घातलं आणि निघाला इस्पितळात. उपचाराला नव्हे हं. डॉक्टरबाईंना दाखवायला, की बघा, तुमच्या नळीशिवाय झालं. जिंकायला निघाला होता गडी.

डॉक्टरबाई चिडल्या नाहीत. आधी मिस्त्रिणीला आत नेलं, पोटावर यंत्र फिरवलं. मग बाहेर येऊन टेबल मोकळं केलं. "काका, लावा तुमची फडकी."

मिस्त्रीनं ओळीनं मांडली. पुरी, लिंबू, बोर, मसूर.

बाईंनी शेजारी दोन फोटो ठेवले. "हा आधीचा. हा आजचा. गाठ कापडावर लहान झालीय. पोटात वाढलीय."

"तुमच्या यंत्राचं काहीतरी बिघडलंय."

"शक्य आहे. परत करून बघू, दुसऱ्या यंत्रावर, तुमच्यासमोर. मी तपासायला तयार आहे. आता तुमचं तपासू?" बाईंनी एक फडकं उचललं. "मला रंगातलं काही कळत नाही, म्हणून विचारते. काकूंना पाठमोरं उभं केलं असतं आणि कुणी काही विचारलं नसतं, तर डाग कुठं उठला असता?"

मिस्त्रीनं ते फडकं बाईंच्या हातून घेतलं आणि उलटंसुलटं केलं.

"गाठ कुठं आहे हे औषधानं शोधलं, की आधी कुणीतरी काकूंना विचारून घेतलं होतं?"

"ती ताई विचारते... पण ती मायेनं विचारते. आणि कापड मी तपासलंय, बाई! सगळ्यांसमोर!"

"कधी तपासलंत? डाग पडायच्या आधी, की पडल्यावर?"

मिस्त्रीनं हातातलं फडकं परत टेबलावर ठेवलं. 

मग मिस्त्रीण बोलली. हळू, टेबलाकडं बघत.

"अहो. जिभेला लावा."

आता ही गोष्ट रंगाऱ्याशिवाय कुणाला कळायची नाही. जुना रंगारी डोळ्यांवर भरवसा ठेवत नाही. डोळे ऊन-सावलीत फसतात. काळा रंग कशातनं काढलाय, पक्का बसलाय की नाही, हे तो कापडाचं टोक जिभेला लावून ठरवतो. मिस्त्रीनं आयुष्यभर हेच केलं होतं. दुसऱ्याचं रंगवलेलं कापड दुरुस्तीला आलं की आधी जीभ, मग बोलणं. आणि कपाटातल्या एकाही फडक्याला त्यानं जीभ लावली नव्हती. जिभेला लावायचं ते कपाळाला लावलं होतं.

त्यानं पुरीएवढ्या डागाचं टोक जिभेवर ठेवलं.

पहिल्यांदा गंजक्या खिळ्याची चव आली. मग तोंड आतून आवळलं, जीभ टाळ्याला चिकटली. हिराकस, म्हणजे लोखंडाचा खार. आणि हिरडा.

त्याचा स्वतःचा काळा! ज्या काळ्यासाठी छत्रीवाले लांबून यायचे, तोच. हिरड्याचं पाणी पातळ केलं की फिकट चहासारखं दिसतं, फडक्यावर उडालं तर कळत पण नाही. हिराकशीचं पाणी तर जवळजवळ पाण्यासारखंच. दोन्ही वेगवेगळी ठेवा, गरीब गाईसारखी. एकत्र आली की काळी शाई. बाबाच्या बाटलीत हिरडा होता. त्या हॉलमध्ये हिरड्याचा वाससुद्धा भरून राहिलेला असणार. पण मिस्त्री जन्मभर त्याच वासात जेवला, झोपला. त्याच्या नाकाला तो वास म्हणजे नुसती हवा.

"पण हिराकस कुठून आली?" तो पुटपुटला. "कापड कोरं होतं. मी बघितलं होतं."

"कापड कोरंच होतं," मिस्त्रीण म्हणाली. "ताईचा हात ओला होता. कमरेला, पदराखाली ओला स्पंज असतो तिच्या. 'आई, इथं ना?' म्हणते आणि दाबते. मला गार लागलं. पुढच्या वेळी पूर्ण हाताऐवजी बोटं लावली. मग दोन बोटं. मागच्या वेळी नुसतं करंगळीचं टोक."

मिस्त्री तिच्याकडं वळला. "तुला माहीत होतं?"

"पहिल्याच दिवशी. तो काळा मला कळणार नाही होय? माझ्या नखांत आहे तो."

"मग बोलली का नाहीस गं!"

"तुम्ही माईकवर होतात."

डॉक्टरबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"सगळे टाळ्या वाजवत होते," मिस्त्रीण म्हणाली. "तुम्ही किती दिवसांनी ताठ उभे राहिला होतात. म्हटलं, घरी गेल्यावर सांगू. घरी तुम्ही ते फडकं माझ्या साडीवर ठेवलंत, आणि झोपलात. गाठीचं कळल्यापासून पहिल्यांदा झोपलात. कसं उठवू? मग तुम्ही गल्लीभर सांगितलंत. मग टायरवाल्याला. दर वेळी सांगणं आणखी अवघड होत गेलं. आणि खरं सांगू का? मला पण वाटायचं, असेलही. नखं डोळ्यांसमोर होती, तरी वाटायचं, एखाद्या वेळी असेलही."

मिस्त्रीला कुठं बघावं कळेना. टेबलावर त्याचीच फडकी, भिंतीला आरसा, समोर ती. आपली अब्रू शाबूत राहावी म्हणून ही बाई रोज आपल्या हातून मरत होती, आणि आपण तिला विचारत होतो, डाग किती लहान झाला बघितलास ना. त्याचे कान तापले. कढईत हात गेल्यावर होतं तसं सगळं अंग भाजल्यासारखं झालं, पण ओरडायची सोय नव्हती.

"काकू," डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला, "नवऱ्याची लाज झाकायला स्वतःचं यकृत पांघरतात का कधी?"

"चुकलं माझं."

"तुझं नाही," मिस्त्री म्हणाला. मग त्यानं विचारलं, "बाई, उशीर झाला का?"

बाईंनी थाप मारली नाही. "झालाय. पण गाठ अजून यकृताबाहेर गेलेली दिसत नाही. नळीचं करता येईल. याच आठवड्यात या. आणि काका, ती फडकी फेकू नका."

"फेकतो कशाला," मिस्त्री म्हणाला. "मला ती हवीत."

इस्पितळाच्या तारखेच्या आदल्या दिवशी बाबाची सभा होती. मिस्त्रीला एकट्यानं जायचं होतं. मिस्त्रीण म्हणाली, "नको. तुम्ही एकटे गेलात तर भांडाल. मी येते, म्हणजे काम होईल."

हॉल तसाच भरलेला. टायरवाला दुसऱ्या रांगेत, मानेला रुमाल गुंडाळून. बाबानं मिस्त्रीला बघितलं आणि हात पसरले. "या मिस्त्री! सांगा सगळ्यांना, डाग कुठवर आला?"

मिस्त्रिणीनं माईक घेतला. जन्मात पहिल्यांदा. "बाबा, तुमची दया. एक इच्छा राहिली आहे. एवढ्या लोकांना तुम्ही फडकं बांधता, आज माझ्या हातानं तुम्हाला बांधू द्या."

टाळ्या. बाबा भुलला. माणूस फसवणारा असला तरी कौतुकाला कोण नाही म्हणतो? तो बाटली खाली ठेवून, हात वर करून उभा राहिला. मिस्त्रीनं गठ्ठ्यातलं फडकं उचललं, सगळ्यांना उलटंसुलटं दाखवलं. मिस्त्रिणीनं ते बाबाच्या पोटाला गुंडाळलं, मायेनं तळहात ठेवला आणि ताईच्याच साखरेच्या आवाजात म्हणाली, "बाबा, इथं ना?"

ताईचा चेहरा पडला. पण तोवर मिस्त्रीनं सोनेरी पट्टीची बाटली उचलली होती. फुस्स. फुस्स.

राखाडी सावली आली. गडद झाली. आणि थेटबाबाच्या पोटावर पाच बोटांसकट अख्खा काळा पंजा उठला.

 मग पुढच्या रांगेतली एक आजी कळवळून ओरडली, "अगंबाई! बाबांना पण?"

मागून कुणीतरी म्हणालं, "एवढी मोठी? पाच फांद्यांची?" आणि हशा फुटला.

"हा दुष्टांचा डाव आहे!" बाबा फडकं सोडवत ओरडला. गाठ सुटेना. मिस्त्रिणीनं बांधलेली गाठ, गठ्ठे बांधायची सवय होती तिला. "श्रद्धेची परीक्षा आहे ही!"

"परीक्षा कापडाची आहे," मिस्त्री म्हणाला. त्यानं खिशातून छोटी बाटली काढली. "ही हिराकस. माझ्या शेडमधली. हिच्या हाताला लावून आणली होती. बाबाच्या बाटलीत हिरड्याचं पाणी आहे. कुणीही या, बोट बुडवा, दुसऱ्या बोटाला लावा. रोग लागत नाही. फक्त काळं होतं." त्यानं स्वतःची बोटं बुडवली, रुमालावर एकापुढं एक ठिपके काढले, फवारा मारला. ठिपके काळे झाले. "बघा, या रुमालाला पण कॅन्सर झाला. डाग मोठा पाहिजे? पंजा लावा. लहान पाहिजे? करंगळी लावा. दर आठवड्याला तुमचा आजार नाही कमी झाला. ताईचं बोट कमी झालं."

ताई मागच्या दारानं निसटली. बाबाला मात्र जाता आलं नाही, कारण जिन्यात माणसं होती. त्याचं पुढं पोलिसांनी बघितलं. तो आपला विषय नाही.

आपला विषय हा, की हशा ओसरला आणि दुसऱ्या रांगेतून टायरवाला उठला.

"मिस्त्री," तो म्हणाला, "कापड मला फसवेल का, असं म्हणाला होतात."

मिस्त्रीनं माईक खाली घेतला.

"मी वीज घेणं सोडलं. तुमच्या शब्दावर. गाठ परत वाढलीय, रात्रंदिवस ठणकतेय. मी म्हणत होतो, मिस्त्रीनं बघितलंय म्हणजे बरोबर असणार."

मिस्त्रीला म्हणता आलं असतं की मी पण फसलो. तेच खरं पण होतं. पण ते त्याच्या तोंडून निघेना. त्यानं माईक पुन्हा वर केला. 

"मी इथं उभा राहून कोरं फडकं तपासलं. डाग पडलेलं तपासलं नाही. मला तपासायचंच नव्हतं. मला ते खरं हवं होतं. मला कापडातलं कळतं म्हणून तुम्ही आजारातलंही माझं ऐकलंत. ते ऐकू नका. माझं नको, याचं नको, कुणाचंच नुसतं ऐकू नका. विचारा. औषध काय आहे ते विचारा. कुठून जातं ते विचारा. कुणाला लागू पडलं नाही तेही विचारा. सांगतो तो डॉक्टर. चिडतो तो हा." त्यानं बाबाकडं बोट केलं. "आणि ज्यांचे उपचार सुटलेत, ते आजच्या आज परत जा. माझ्यावर नंतर ओरडा. मी शेडमध्येच असतो."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. लोक लिफाफे काखेत घालून, खाली बघत जिना उतरले. सगळ्यांनाच सगळ्यांची लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रिणीला आत नेलं. तिला झोपवलं नव्हतं, मांडीजवळ फक्त जागा बधिर केली होती. मिस्त्री बाहेर बाकावर. बऱ्याच वेळानं डॉक्टरबाई आल्या, डोक्याला टोपी तशीच. "काका, या. बघा."

पडद्यावर फोटो होता. राखाडी धूसर, आणि त्यात झाडाच्या फांद्यांसारख्या रेषा. बाईंनी एकेक चित्र पुढं सरकवलं. रेषा पुढं वाढत गेल्या, आणि एका फांदीच्या टोकाला, उजव्या बरगडीखाली, काळा डाग उठला.

मिस्त्री दचकून मागं सरकला. "हे काय!"

"घाबरू नका. विचारा."

त्यानं पडद्यावरच्या डागाकडं बोट केलं. "हा काळा... कुणी घातला?"

"मी घातला," बाई म्हणाल्या. "नळीतून. एक्स-रेत दिसणारं औषध असतं, वाट बघायला. गाठीला रक्त जास्त जातं, म्हणून तिथं गडद दिसतं. जागा कळली, मग त्याच नळीतून मणी सोडले. हा नंतरचा फोटो. आता तिथं रक्त जात नाही, म्हणून डाग दिसत नाही."

"म्हणजे गाठ गेली?"

"नाही. म्हणजे औषध जागेवर पोचलं. गाठीचं काय झालं ते पुढच्या तपासणीत बघू."

मिस्त्री पडद्याकडं बघत राहिला. एवढंसं फूल रंगवायचं म्हणून आपण कधी अख्खं कापड कढईत बुडवतो का? बारीक कुंचला घेऊन तेवढंच फूल भरतो. बाईंनी पहिल्या दिवशी कागदावर हेच तर काढून दाखवलं होतं. त्याच्या धंद्यातलीच गोष्ट होती. कळली नव्हती, कारण त्यानं विचारलं नव्हतं, 'लिहून द्या' म्हणून अडून बसला होता.

मिस्त्रिणीला ताप आला, दुखलं, जसं सांगितलं होतं तसं. पुढच्या तपासणीत गाठ लहान झालेली दिसली. गेली नव्हती. "परत एकदा करू," बाई म्हणाल्या. मिस्त्रीनं लिहून मागितलं नाही. नळी किती जाड असते, तेवढं विचारलं.

त्या दुसऱ्या खेपेला तो बाकाजवळ आला, तर तिथं टायरवाला बसलेला. मानेवर विजेच्या खुणा, आवाज घोगरा झालेला. त्याचे उपचार पुन्हा सुरू झाले होते, पण आता जास्त दिवस, जास्त त्रासाचे. डॉक्टर काही नक्की सांगत नव्हते. हॉलमधल्या त्या दिवसापासून तो मिस्त्रीशी बोलला नव्हता.

मिस्त्री उभाच राहिला. पक्का काळा साबणाला जात नाही, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत? तो तोंड उघडणार, तेवढ्यात टायरवाल्यानं हात वर केला.

"काही बोलू नका."



टायरवाल्यानं मांडीवरचा लिफाफा उचलला, बाकावर थोडा सरकला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, "आतमध्ये मशीन कशी चालते ते मला समजलं नाही. बाई सांगत होत्या, पण मला विचारायला लाज वाटली. तुम्ही चला बरोबर. तुम्ही विचारा."